माळरान आणि माळढोक

छत्रपती संभाजीनगराहून बीड-धाराशिवमार्गें सोलापूरकडे जाणाऱ्या प्रवाशास वैशाखांत ठिकठिकाणीं उघडीं, पिवळीं माळरानें दिसतात. वृक्ष नाहीं, सावली नाहीं. तेव्हां ही भूमि निरुपयोगी, असा ग्रह सहज होतो. सरकारी दप्तरांतही तिला बहुधा ‘पडीक’ हेंच नांव मिळालें. वस्तुस्थिति निराळी आहे.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील या पठारावर माती उथळ व पाऊस लहरी. दाट अरण्यास जें पुरत नाहीं, तेवढ्यावर मारवेल, पवना, कुसळी हीं गवतें निर्वाह करितात. उन्हाळ्यांत पातीं वाळलीं तरी मुळें माती धरून ठेवितात व पहिल्या सरींबरोबर पुन्हा फुटतात. या गवतावर नाकतोडे व काळवीट जगतात. नाकतोड्यांवर पक्षी आणि काळविटांवर लांडगे.

या माळाचा मानकरी म्हणजे माळढोक. याच्या नराचें वजन पंधरा किलोपर्यंत भरतें. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. शत्रु दुरून दिसावा म्हणून या पक्ष्यास मोकळें रान लागतें. तेथें झाडें लावणें म्हणजे त्याचें घर मोडणें होय.

त्याच्या रक्षणार्थ १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. सोलापूरजवळील नान्नज हें त्याचें प्रसिद्ध ठिकाण. परंतु या सीमेंत गांवें आणि शेतें येत असल्यामुळें निर्बंधांचा जाच रहिवाशांस झाला. खरीं राखीव कुरणें मात्र लहान व विखुरलेलीं होतीं. पुढें हें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें. दरम्यान बरेचसे माळ नांगराखालीं गेले. विजेच्या तारांची त्यांत भर पडली. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंस असल्यानें समोरची तार त्यास वेळीं दिसत नाहीं व जड देहामुळें ऐनवेळीं वळतां येत नाहीं. २०११ पासून त्याची गणना जगांतील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते; महाराष्ट्रांत तो आतां क्वचितच आढळतो.

याउलट कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी अभयारण्य १९८० सालीं स्थापन झालें. त्याचा विस्तार अवघा २.१७ चौरस किलोमीटर. पण तेथें गवत राखलें गेलें आणि काळवीट वाढले. अर्थात् माळढोकास एवढें क्षेत्र पुरणारें नाहीं. त्याचा संचार फार मोठा. म्हणून शेतकरी व मेंढपाळ यांच्या सहकार्यावांचून त्याचें रक्षण अशक्य आहे.

राजस्थानांत जैसलमेरकडे २०१९ पासून माळढोकाचीं पिल्लें मानवी देखरेखीखालीं वाढविलीं जात आहेत. तीं उद्यां मोकळीं सोडावयाचीं, तर त्यांच्यासाठीं गवताळ माळ शिल्लक असला पाहिजे.