नाकाला न कळणारा धडा

दाभोळच्या धक्क्याला धोपाव्याहून आलेली फेरीबोट लागली की आधी दुचाक्या उतरतात, मग मोटारी आणि त्यांच्या मागोमाग भुकेली माणसं. २००३ साली ही बोट सुरू झाली आणि वाशिष्ठीच्या मुखाशी समोरासमोर असूनही लांबच्या वळशामुळे दूर राहिलेले दापोली आणि गुहागर हे दोन तालुके शेजारी झाले. पर्यटक हर्णै-मुरूडकडून येतो, दाभोळात माशाचं ताट मागवतो, बोटीत बसतो आणि संध्याकाळी वेळणेश्वर नाहीतर गणपतीपुळे गाठतो. दुपारच्या जेवणानं त्याचं पोट मध्यरात्री बिघडलं, तर ती बातमी दाभोळच्या खानावळीपर्यंत पोचायला वाट नाही. वर्षानुवर्षं चूल सांभाळणारी बाई म्हणते, ‘‘आजवर कुणाची तक्रार नाही.’’ ती खोटं बोलत नसते. पण तक्रार करणारा केव्हाच खाडीपार झालेला असतो.

घरात असं होत नाही. रात्रीचं कालवण बाधलं तर सकाळी सगळ्या घराला कळतं आणि पुढच्या वेळी हात सावध होतो. गिऱ्हाइकाच्या बाबतीत हा अनुभव परत येतच नाही, म्हणून तो बाहेरून शिकावा लागतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं. या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकाला १०० रुपये वार्षिक शुल्कात नोंदणी दिली, त्याहून मोठ्यांना परवाना. दोन्हींचा क्रमांक १४ आकडी. पुढे २०१७ मध्ये केंद्राच्या प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, ‘फॉस्टॅक’ हा प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचा कार्यक्रम आणला. अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक तरी प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, हा त्यामागचा हिशेब. मूलभूत वर्ग चार तासांचा, प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची. २०२० च्या टाळेबंदीत हे वर्ग फोनवर आले. त्याआधी असा वर्ग करायचा म्हणजे धंद्याचा एक दिवस मोडून शहर गाठणं आलं.

धक्क्याच्या वाटेवरच्या एका खानावळीत बसून मी असा वर्ग पाहिला. दिवस सोमवारचा, कारण सोमवारी मासे खाणारे कमी. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, समोर खानावळीच्या वहिनी, त्यांची जाऊ आणि वाढपाचं काम करणारा पुतण्या. नाव आणि आधार कार्ड आधीच भरून दिलेलं. ‘‘कॅमेरा चालू ठेवा, मधेच उठू नका,’’ असं पडद्यावरच्या प्रशिक्षक बाईंनी बजावलं. वहिनींनी गॅसवरच्या आमटीकडे पाहिलं आणि गॅस बारीक करण्याची जबाबदारी मला दिली.

पडद्यावरची चित्रं मोठ्या हॉटेलांची होती. चकचकीत स्टीलचे ओटे, भाज्या कापायला हिरवी फळी, कच्च्या मांसाला तांबडी, माशाला निळी. कच्च्या मांसमच्छीतले जंतू सुरीवरून कोशिंबिरीत जाऊ नयेत म्हणून ही रंगांची वाटणी. वहिनींनी माइक सुरू करून विचारलं, ‘‘मॅडम, आमच्याकडे फळी नाही, विळी आहे. माशाची वेगळी आणि भाजीची वेगळी. चालेल ना?’’ बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘चालेल काय, हेच तर सांगतेय मी!’’ माशाची विळी वेगळी ठेवायची ही कोकणातली जुनी शिस्त. तिच्यामागे सोवळ्या-शिवराकाचा विचार होता, जंतूंचा नव्हता. तरी या एका नियमात दाभोळचं स्वयंपाकघर आधीच उत्तीर्ण होतं.

खरी अडचण पुढच्या तासात आली. पडद्यावर तापमापीचं चित्र आलं आणि त्यावर ५ ते ६० अंश सेल्सिअसचा पट्टा लाल रंगात. या पट्ट्यात जंतू वाढतात. गरम अन्न ६० च्या वर ठेवायचं, थंड ५ च्या खाली. पुन्हा गरम करायचं तर पदार्थाचा गाभा ७५ पर्यंत गेला पाहिजे. कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं, असं नाही. अनुकूल हवेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात, म्हणजे एकाचे चार तासांत ४,०९६. कोकणातली मे महिन्याची दुपार या पट्ट्याच्या बरोबर मधोमध असते. सकाळी अकराला उतरवलेलं कालवण झाकून ओट्यावर ठेवायचं आणि दुपारी तीनच्या बोटीच्या गिऱ्हाइकाला वाढायचं, ही इथली रीतच. वहिनी म्हणाल्या, ‘‘पण ते आंबत नाही हो, मी वास घेते ना.’’

दाभोळातल्या बाईच्या नाकाला कमी लेखण्याचं कारण नाही. टोपलीतल्या बांगड्याचे कल्ले उचलून, डोळा पाहून, पोट दाबून ती जो निर्णय देते तो बहुतेक वेळा बरोबर असतो. पण नाकाला एक मर्यादा आहे आणि ती नेमकी बांगड्यापाशीच उघडी पडते. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा पकडल्यावर बर्फाविना राहिला तर जंतू त्याचं हिस्टामीन करतात. तोंड लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं, उलट्या हे सगळं त्यातून होतं आणि लोक म्हणतात, ‘मासळीची ॲलर्जी आली.’ हे हिस्टामीन तयार झालं तरी मासा वासाला ठीक वाटू शकतो. आणि ते उकळून, तळून जात नाही. नासलेलं उकळलं की शुद्ध होतं, हा आपल्या स्वयंपाकघरांचा मोठा विश्वास इथे निकामी ठरतो. उपाय एकच, होडीपासून कढईपर्यंत बर्फ तुटू न देणं.

भाताचंही तसंच. शिजवताना जंतू मरतात, पण बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू उकळीतही टिकतात. सकाळचा भात उघड्यावर राहिला की ते रुजतात आणि उलटी आणणारं विष तयार करतात. हे विषही परतल्यानं जात नाही. संध्याकाळी त्याच भाताचा फोडणीचा भात करून मुलांच्या सहलीला वाढायचा, हे आता बंद करायला हवं, असं जाऊबाई आपणहून म्हणाल्या. शिल्लक भात पसरट ताटात लवकर निववून फ्रिजमध्ये टाकायचा, एवढीच सुधारणा. तिला पैसे लागत नाहीत.

पुतण्यानं फॉर्मेलिनबद्दल विचारलं. २०१८ मध्ये गोव्यात माशांवर फॉर्मेलिन असल्याचा गदारोळ झाला, बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद झाली, तेव्हापासून गिऱ्हाईक तोच प्रश्न करतं. बाईंनी प्रश्न बर्फाकडे वळवला. त्याच वर्षी महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनानं खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलं. मासळी टिकवायला आणलेली लादी निळी, सरबतात जाणारा बर्फ पांढरा. कारण साधं आहे. लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल, याची हमी कुणी देत नाही. बंदरावर बर्फ पाटीतून, गोणपाटातून, पायांखालून जातो. उन्हाळ्याच्या गर्दीत त्याच बर्फाचा तुकडा सोलकढीत पडला, तर सगळी मेहनत वाया.

सोलकढीपाशी मी स्वतः थोडा थबकलो. कोकणी ताटातला हा सगळ्यात निरागस पदार्थ. पण नारळ खवून, वाटून, हातानं पिळून काढलेलं दूध कधीच आचेवर चढत नाही. पाणी, हात, फडकं, पाटा-मिक्सर यांच्यावर जे काही असेल ते जसंच्या तसं पेल्यात उतरतं. कोकमाचा आंबटपणा थोडी राखण करतो, तरी त्याच्या भरवशावर दुपारभर पातेलं बाहेर ठेवता येत नाही. पाणी उकळून निववलेलं, पिळायचं फडकं रोज उकळलेलं आणि पातेलं फ्रिजमध्ये, या तीन गोष्टी वहिनींनी वहीत लिहून घेतल्या.

मग हात. किमान २० सेकंद साबणानं धुवायचे, हे करोनानं सगळ्यांना शिकवलं. पण मासे साफ करणाऱ्या बाईच्या हाताला काटे लागतात, कोळंबीचं शिंग टोचतं. पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस जंतू असतात आणि त्यांचं विषही शिजवल्यानं नष्ट होत नाही. म्हणून बोटाला जलरोधक पट्टी आणि वर हातमोजा, नाहीतर त्या दिवशी शिजलेल्या अन्नाला हात नाही. वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी आणि विषमज्वराची लस, हेही नियमात आहे. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवण्याला मर्यादा आहे: त्यातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की तेल टाकायचं. ते मोजायचं यंत्र खानावळीत नसतं, तेव्हा तेल काळं, दाट झालं, फेस येऊ लागला की थांबायचं. भजी, वडे वर्तमानपत्रात बांधायचे नाहीत, कारण शाई तेलात उतरते.

चार तासांत नेटवर्क काही वेळा गेलं, आमटी मात्र उतू गेली नाही. शेवटी पर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली. ‘कच्चे आणि शिजलेले अन्न फ्रिजमध्ये कसे ठेवावे?’ याचं उत्तर तिघांनीही झटकन दिलं: शिजलेलं वर, कच्चं खाली. तापमानाच्या आकड्यांशी पुतण्या अडखळला, वहिनी नाही. त्यांना आकडे पंचांगातल्या तिथींसारखे पाठ झाले होते.

या वर्गाचं मोल प्रमाणपत्रात कमी आहे. ते भिंतीवर लागेल, दोन वर्षांनी नवं काढावं लागेल. मोल यात आहे की, नाक आणि अनुभव जिथे पुरे पडत नाहीत ती तीन-चार ठिकाणं स्वयंपाकघरातल्या बाईला कुणीतरी कारणासह सांगितली. उणीवही स्पष्ट आहे. पडद्यावर एकदाही विळी दिसली नाही, सोलकढी दिसली नाही, बांगडा दिसला नाही. ज्यांना प्रश्न विचारायचं धाडस आहे त्यांनी आपलं स्वयंपाकघर त्यात बसवून घेतलं. जे गप्प बसले, त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकघराचे नियम ऐकले.

गिऱ्हाइकांनी दोन गोष्टी कराव्यात. ताट मागवण्याआधी १४ आकडी क्रमांक भिंतीवर आहे का पाहावं, आणि जेवण बाधलं तर समाजमाध्यमावर नाव खराब करण्याआधी त्या खानावळीला फोन करून काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते सांगावं. शिकण्याची संधी त्यातूनच मिळते.

शासनानं करायची गोष्ट तिसरी. दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मासळीच्या स्वयंपाकघराचा मराठी वर्ग बांधायला लागणारं ज्ञान जिल्ह्यातच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या ओढलेल्या असतात, पर्यटक थोडे असतात आणि खानावळींना सवड असते. दाभोळ, हर्णै, गुहागरच्या स्वयंपाकघरांसाठी हा वर्ग त्या दोन महिन्यांत, तापमापी हातात देऊन, समोरासमोर घ्यावा. फोनवरचा वर्ग त्याच्या जोडीला राहू दे.