एका नावाचा माग

ग्रंथाच्या अखेरीस दिलेली सूची सामान्य वाचक क्वचितच उघडतो; अभ्यासकाचे मात्र तिच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. संगणकाच्या आज्ञावलीलाही अशाच सूचीची गरज असते. ती किती मोलाची, याचा प्रत्यय बंगळूरला गेल्या शतकाच्या अखेरीस आला.

पूर्वी संगणकाची स्मृती फार महाग असे. म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदविण्याची रीत पडली. १९३५ साली जन्मलेल्या मनुष्याचे वय १९९९ साली काढताना ९९ मधून ३५ वजा केले की ६४ हे उत्तर बरोबर येई. परंतु २००० साली शून्यातून ३५ वजा होणार, आणि निवृत्तिवेतन घेणारा तो गृहस्थ संगणकाच्या लेखी अद्याप जन्मलेलाच नसणार! ही चूक सुधारण्याचे पुष्कळसे काम परदेशांतून भारतात, विशेषतः बंगळूरला आले. १९८१ साली पुण्यात स्थापन होऊन १९८३ साली बंगळूरला गेलेली इन्फोसिस ही ते करणाऱ्या कंपन्यांपैकी एक होय.

दुरुस्ती सोपी होती. तिची जागा सापडणे कठीण होते. आज्ञावल्या परक्यांनी अनेक वर्षांपूर्वी लिहिलेल्या. त्यांत नुसता ‘साल’ हा शब्द शोधून भागत नसे. एके ठिकाणी तो जन्माचे साल दर्शवी, दुसरीकडे कर्जफेडीचे. आणि तिसरीकडे तेच जन्मसाल ‘क’ अशा निराळ्याच नावाखाली वावरत असे. शंभर जागा सुधारून एक सुटली, तरी हिशेब चुकण्यास ती एक पुरेशी होती.

अशा वेळी उपयोगी पडते ती संदर्भसूची. कोणते नाव कोणत्या ओळीत निश्चित केले आणि पुढे कोणकोणत्या ओळींत वापरले, हे ती सांगते. एकेकाळी ती कागदावर छापून मिळे; आता ती लेखनाच्या पडद्यावरच हजर असते. नावावर खूण नेऊन कळ दाबावी, की एडिटर त्याच्या उगमाशी नेऊन सोडतो. दुसरी कळ दाबावी, की त्याच्या वापराच्या जागा ओळीने मांडतो. एकाच नावाच्या दोन भिन्न वस्तू तो वेगळ्या ओळखतो, कारण तो केवळ अक्षरे जुळवीत नाही, तर भाषेचे व्याकरणही पाहतो. पूर्वी हे व्याकरण प्रत्येक एडिटरला स्वतंत्रपणे शिकवावे लागे. २०१६ साली ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ हा समान संकेत जाहीर झाला, आणि एका भाषेचे जाणकार साधन अनेक एडिटरांच्या उपयोगी पडू लागले.

तरीही सूचीला मर्यादा आहेत. आज्ञावली चालू असताना जे नाव घडते, ते तिला आधी दिसत नाही. आणि सापडलेली जागा बदलावी की नाही, याचा निवाडा तर माणसालाच करावा लागतो.

१ जानेवारी २००० रोजी किरकोळ चुका वगळता जगाचे व्यवहार सुरळीत चालले. भीती व्यर्थ होती, असे तेव्हा अनेकांना वाटले. एकेका नावाचा माग काढीत ज्यांनी रात्री जागविल्या, त्यांचे श्रम त्या सुरळीतपणातच झाकले गेले.