बांधलेला प्रोग्राम कोडने कसा सोडवावा

माणिकगडाच्या पहाडावर डाउनलोड पुरे होईपर्यंत रेंज टिकेलच असे नाही. म्हणून आपली मुले गडचांदूर वा राजुऱ्याला उतरली की पेनड्राइव्हमध्ये प्रोग्राम भरून आणतात. तो बहुधा 'झिप' गठ्ठ्यात असतो. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने असा गठ्ठा पायथॉनच्या कोडने आपल्या प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये सोडवला. आत त्याच नावाची एक फाईल होती. महिनाभराचे काम पुसले गेले, आणि संगणकाने साधे विचारलेसुद्धा नाही. प्रस्तुत लेख त्या निमित्ताने.

प्रथम गठ्ठा लहान कसा होतो ते पाहू. आपल्या संस्थेच्या सभासद-यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ता. जिवती, जि. चंद्रपूर' असते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. म्हणजे एवढ्या मजकुराला ५७ बाइट लागतात. दाबणारा प्रोग्राम तो मजकूर एकदाच लिहितो. पुढच्या ओळीत फक्त 'इतके मागे जा, ५७ बाइट उचल' अशी खूण ठेवतो. ही कल्पना लेम्पेल व झिव या दोघांनी १९७७ साली मांडली. तिला हफमन यांच्या १९५२ च्या रीतीची जोड मिळाली. या रीतीत वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत मिळतो. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये झिप स्वरूप आणले. आजही अशा फाईलची पहिली दोन अक्षरे बहुधा 'पीके' असतात, ती त्यांच्याच नावाची! जावाची 'जार' आणि अँड्रॉइडची 'एपीके' फाईलही आतून झिपच असते.

महत्त्वाची गोष्ट अशी की झिपची अनुक्रमणिका पुस्तकाप्रमाणे आरंभी नसून शेवटी असते. रेंज तुटून फाईल अर्धवट आली तर नेमकी अनुक्रमणिकाच राहून जाते. मग नव्वद टक्के फाईल हाती असूनही ती उघडत नाही. विद्यार्थी बिचारा संगणकाला दोष देतो.

आता कोड. पायथॉनमध्ये 'झिपफाईल' नावाचे मॉड्यूल सोबतच येते, वेगळे आणावे लागत नाही. ते 'इम्पोर्ट' करून गठ्ठा उघडावा. (आज्ञा अर्थातच इंग्रजी लिपीत टंकाव्यात.) अनुक्रमणिका नसेल तर 'बॅडझिपफाईल' ही चूक येथेच दिसते. उघडल्यावर 'टेस्टझिप' चालवावे. ते प्रत्येक फाईल वाचून तिची सीआरसी-३२ ही पडताळणी-संख्या जुळवते, आणि जी पहिली फाईल बिघडलेली सापडेल तिचे नाव सांगते. उत्तर 'नन' आले तर बिघाड आढळला नाही असे समजावे. त्यानंतर 'नेमलिस्ट'ने आतील नावे छापून डोळ्यांनी वाचावीत. एवढे झाल्यावरच 'एक्स्ट्रॅक्टऑल', आणि तेही नव्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता देऊन. पत्ता दिला नाही तर चालू फोल्डरमध्येच सर्व पसरते व त्याच नावाच्या जुन्या फाईलवर नवी लिहिली जाते. आमच्या विद्यार्थ्याचे हेच झाले. एकच फाईल हवी असेल तर 'एक्स्ट्रॅक्ट'ला तिचे नाव द्यावे, बाकीचा गठ्ठा तसाच राहू द्यावा.

नावे वाचण्याचे आणखी एक कारण आहे. नावाच्या आधी दोन टिंबे व तिरपी रेघ असेल तर ती फाईल ठरवलेल्या फोल्डरच्या बाहेर पडू पाहते. पायथॉनचे झिप मॉड्यूल अशी टिंबे गाळून टाकते. लिनक्सचे प्रोग्राम मात्र पुष्कळदा 'टार' गठ्ठ्यात येतात, आणि 'टारफाईल' मॉड्यूल अनेक वर्षे असे काही गाळत नव्हते. पायथॉन ३.१२ मध्ये (२०२३) त्यासाठी 'फिल्टर' आले. तेथे 'डेटा' असे लिहावे. ३.१४ पासून (२०२५) ते आपोआप लागू होते. शाळा-महाविद्यालयातील संगणकावर जुनी आवृत्ती असण्याचा संभव आहे, म्हणून आधी आवृत्ती पाहावी.

राहता राहिली मराठी नावे. 'अर्ज' नावाची फाईल सोडवल्यावर विचित्र चिन्हे दिसली तर फाईल बिघडली असे समजू नये. गठ्ठा बांधणाऱ्याने यूटीएफ-८ची खूण लावलेली नसते, म्हणून पायथॉन ते नाव जुन्या अमेरिकन संकेतसंचाने वाचते. आवृत्ती ३.११ किंवा पुढची असेल तर गठ्ठा उघडतानाच 'मेटाडेटा_एन्कोडिंग' या जागी 'यूटीएफ-८' लिहावे. नावे बहुधा यूटीएफ-८मध्येच लिहिलेली असतात, आणि मग ती सरळ मराठीत उमटतात.