पिसूचा जोर मोजायचा कसा?

कुत्र्याच्या अंगावरची पिसू चिमटीत धरू पाहा, क्षणात पसार! दोन-तीन मिलिमीटरचा हा जीव. त्याच्या पायाला ताणकाटा बांधणार तरी कसा? त्यावर तोड एकच: उडीचे चित्रीकरण करायचे. वजन ठाऊक असले आणि वेग कसा वाढला ते दिसले, की जोर गणिताने निघतो.

१९६७ मध्ये हेन्री बेनेट-क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्याने हेच केले. इतक्या झटपट कोणताही स्नायू आकसू शकत नाही, हे त्यातून कळले. पिसू आधी छातीतली ‘रेझिलिन’ची रबरासारखी गादी सावकाश दाबते आणि मग एकदम सोडते, गलोलीसारखी! पण हा जोर जमिनीला लागतो कुठून? बेनेट-क्लार्क म्हणत, पावलांतून. पिसवांच्या जाणकार मिरियम रॉथशील्ड म्हणत, मांडीच्या सांध्यातून. वाद चाळीस वर्षे रेंगाळला.

२०११ मध्ये केंब्रिजच्या ग्रेगरी सटन आणि माल्कम बरोज यांनी सेकंदाला ५,००० चित्रे घेणारा कॅमेरा लावला. पिसवांनीही मदतच केली म्हणा ना. अंधारात त्या ढिम्म बसत, दिवा लागला की उडत. दहा पिसवांच्या ५१ उड्या टिपल्या. काही उड्यांत सांधा जमिनीला टेकलाच नव्हता, तरी वेगात फरक नव्हता! जोर पावलांचाच होता.