तालमीची जागा

अमेरिकेतल्या लहान लिबरल आर्ट्स महाविद्यालयांत बहुतेक विद्यार्थी आवारातच राहतात, त्यामुळे तिथली संस्कृती वसतिगृहात घडते. मुंबईच्या उपनगरांतल्या महाविद्यालयांतली बहुतेक मुलं मात्र लोकलने येतात आणि लोकलने परततात. मग इथे संस्कृती घडते कुठे? अंधेरीच्या भवन्स महाविद्यालयाला (१९४६) झाडांनी भरलेलं प्रशस्त आवार आहे. पार्ल्याच्या दीक्षित रस्त्यावरच्या साठ्ये आणि डहाणूकर महाविद्यालयांना तेवढी ऐसपैस जागा नाही. तरीही आयएनटीसारख्या एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत तिथे तास संपल्यावरही तालमी रंगतात. डहाणूकर तर वाणिज्य महाविद्यालय. म्हणजे नाटकासाठी कला शाखाच हवी असंही नाही. माझ्या मते आवाराच्या आकारापेक्षा तास संपल्यावर मुलांना तिथे थांबू दिलं जातं का, हे अधिक मोलाचं.

यावर कुणी म्हणेल, तालमीला थांबणारी मुलं मूठभर. कर्जत-कसाऱ्याच्या गाडीची, अर्धवेळ नोकरीची चिंता असलेल्यांचं काय? आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय तालमी बंद करणं हा नव्हे. काही तालमी सकाळी, तासांच्या आधी घेता येतील. आणि ज्यांना थांबता येतं त्यांच्यासाठी, प्राचार्यांनो, निदान एक वर्ग रात्री आठपर्यंत उघडा ठेवा.