गाळाला चिकटलेले विषाणू

एका परीक्षानळीत मिथिलीन ब्लूचे अगदी फिकट द्रावण घ्या. त्यात थोडी बारीक चिकणमाती टाकून हलवा आणि नळी स्थिर ठेवा. माती खाली बसली की वरचे पाणी जवळजवळ रंगहीन दिसेल. रंग नाहीसा झालेला नसतो. तो मातीच्या कणांना चिकटून तळाशी गेलेला असतो. मैलापाण्यात विषाणू शोधताना नेमकी हीच अडचण येते.

पोलिओचा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटर व्यासाचा. एवढा सूक्ष्म कण आपोआप तळाशी बसत नाही. पण मैलापाण्यात विष्ठेचे व मातीचे असंख्य कण असतात. हे कण आणि विषाणू या दोहोंवर बहुधा ऋणभार असतो. तेव्हा त्यांच्यात प्रतिकर्षण व्हायला हवे. मात्र पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे धनभारित आयन मध्ये पुलासारखे काम करतात आणि विषाणू कणाला चिकटतो. चिकटला म्हणून तो निष्क्रिय होतोच असे नाही. उलट कणांच्या आडोशाने क्लोरिनपासून बचावू शकतो.

म्हणून गाळ टाकून देऊन केवळ वरचे पाणी तपासले, तर ‘विषाणू नाहीत’ हा निष्कर्ष चुकू शकतो. गाळातून विषाणू सोडवण्याची एक रीत म्हणजे सुमारे ९.५ सामू असलेले मांस-अर्काचे द्रावण वापरणे. जास्त सामूमुळे ऋणभार वाढून प्रतिकर्षण प्रबळ होते आणि अर्कातील प्रथिने कणांवरील जागा पटकावतात.

पोलिओसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या एका पद्धतीत मैलापाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ वेगळा करतात, पण जपून ठेवतात. पाण्यातील विषाणू थोड्या द्रवात एकवटले की त्यात तो गाळ मिसळून क्लोरोफॉर्मबरोबर जोराने हलवतात. विषाणू सुटतात, जिवाणू मरतात. पोलिओ विषाणूला मेदाचे आवरण नसल्याने तो टिकतो. मग हा द्रव प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर घालून त्या नष्ट होतात का, ते पाहतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पोलिओची लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एकालाच पक्षाघात होतो; इतरांच्या विष्ठेतूनही विषाणू बाहेर पडत राहतो. मुंबईत मैलापाण्याची अशी तपासणी २००१ साली सुरू झाली. वन्य पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यानंतर ‘रुग्ण नाही’ एवढ्यावर विसंबून चालणार नव्हते. ‘विषाणूही नाही’ याची खात्री हवी होती.

मातीला चिकटलेला निळा रंग पुन्हा पाण्यात कसा आणता येईल? विद्यार्थ्यांना विचारून पाहा.