गुंजभर म्हणजे फार

अमेरिकेत ओहायोला स्थायिक झालेल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. नेमबाजीच्या क्लबात जायला लागल्यापासून काडतुसांचा खर्च अंगावर येऊ लागला, तेव्हा तिथल्या जुन्या मंडळींसारखं आपणही रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भराव्यात, असं त्यांनी ठरवलं आहे. दुकानात एका टोकाला हातोडीनं ठोकायचा, खिशात मावेल असा संच आहे आणि दुसऱ्या टोकाला दांडा ओढला की तयार काडतूस बाहेर टाकणारं, जवळजवळ स्कूटरच्या किमतीचं यंत्र. 'विज्ञानाच्या नजरेनं पाहिलं तर स्वस्तातलं काय चालेल?' असं ते विचारतात.

इथल्या वाचकांनी मात्र हा लेख वाचण्यापुरताच ठेवावा. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि त्या कायद्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की, दारूगोळा बनवायचं यंत्रसुद्धा दारूगोळ्यातच मोडतं! म्हणजे पुण्यात नुसता दांडा आणि साचा आणून ठेवला तरी पोलिसांच्या लेखी तो दारूगोळाच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पुंगळ्या भरणं हा एक छंद आहे, लाकूडकामासारखा.

काम चार पायऱ्यांचं. फुगलेली पुंगळी साच्यातून दाबून मूळ मापावर आणायची आणि त्याच वेळी बुडाची, दारू पेटवणारी, जळालेली टोपी काढून टाकायची. नवी टोपी बसवायची. मोजून दारू भरायची. तोंडाशी गोळी बसवायची. हे शक्य होतं ते पितळेच्या स्वभावामुळं. पुंगळीचं पितळ सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताचं असतं. बार उडतो तेव्हा ते फुगून नळीच्या भिंतीला चिकटतं, वायू मागं येऊ देत नाही आणि दाब ओसरला की किंचित आक्रसून सुटं होतं. पोलाद हे करायला कुरकुरतं, शिसं आक्रसतच नाही. पुन्हा पुन्हा फुगून-दाबून पितळ ताठर होत जातं आणि शेवटी तोंडाशी चिरतं. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकून ठोकून कडक झाला की कारागीर तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात. ओहायोतले हौशी लोक पुंगळीच्या फक्त मानेला आच देऊन तेच करतात. बूड मात्र कडकच राहायला हवं, कारण दाब तिथं झेलायचा असतो.

जळालेली टोपी काढण्याचं काम इतकं सोपं का, यामागं एक गंमत आहे. १८६६ साली दोन लष्करी माणसांनी दोन टोप्या काढल्या. अमेरिकन यादवीत नेमबाजांच्या तुकड्यांचं नेतृत्व केलेल्या हायरम बर्डननं पुंगळीच्या बुडाला दोन बारीक भोकं बाजूला ठेवली आणि मधे टोपी जिच्यावर ठेचली जाते ती ऐरण पुंगळीतच घडवली. इंग्लंडात वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतल्या एडवर्ड बॉक्सरनं ऐरण टोपीतच बसवली आणि पुंगळीला मधोमध एकच भोक ठेवलं. पुढं झालं उलटंच. अमेरिकनाची टोपी युरोपानं उचलली आणि इंग्रजाची अमेरिकेनं. बॉक्सरच्या पुंगळीत वरून एक टाचणी घातली की ती थेट भोकातून जाऊन जुनी टोपी ढकलून देते. बर्डनच्या पुंगळीत ऐरण आडवी येते. मग आकड्यानं उचकटा, नाहीतर पाण्याच्या दाबानं उडवा. अमेरिकेत घरोघरी हा छंद रुजला तो या एका भोकाच्या जागेमुळं, असं माझं मत आहे. पण या छंदाचा इतिहास सांगताना यंत्रं विकणाऱ्यांचीच नावं पुढं येतात आणि बॉक्सर बिचारा टोपीच्या खोक्यावर उरतो.

आता साधनं. १८८४ साली जॉन बार्लो या माणसानं न्यू हेवनमध्ये आयडियल नावाची कंपनी काढून जे हत्यार खपवलं, ते मराठी माणसाला दाखवलं तर तो म्हणेल, हा तर अडकित्ता! दोन दांडे, एका टोकाला बिजागरी आणि बिजागरीजवळ सुपारीच्या जागी पुंगळी. तरफेचा फायदा घेऊन मुठीच्या जोरावर काम व्हायचं. १९४३ साली, युद्धामुळं गोळ्या मिळेनाशा झालेल्या असताना, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टननं वडिलांच्या लॉन्ड्रीच्या मागच्या भागात बसून गोळ्या घडवायचे साचे करायला सुरुवात केली. गोळीचं बाहेरचं कवच म्हणून त्यानं काय वापरावं? छोट्या बावीस बोअरच्या फेकून दिलेल्या पुंगळ्या! 'रॉक चक' नावाच्या, खारीच्या कुळातल्या गुबगुबीत प्राण्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या होत्या, म्हणून कंपनीच्या आरसीबीएस या नावातली पहिली दोन अक्षरं त्या प्राण्याची. आणि १९५८ साली विस्कॉन्सिनच्या रिचर्ड लीनं घरच्या कारखान्यात तो हातोडीचा संच तयार केला. आधी छऱ्याच्या काडतुसांसाठी आणि मग रायफल-पिस्तुलांसाठी. ना दांडा, ना टेबल. एक नळकांडं, दोन-तीन दट्टे, एक चमचा आणि वरून ठोकायला हातोडी.

मला हा संच मनापासून आवडतो. एक खोट आहे. नवी टोपीही ठोकूनच बसवायची असल्यानं ती कधीतरी तिथंच फट्कन उडते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच. पण या संचातून पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी यांचं नातं जितकं हाताला कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळणार नाही.

थोडे जास्त पैसे असतील तर एका वेळी एकच काम करणारा साधा दांड्याचा प्रेस घ्यावा. त्याची जोडणी बहुधा मोटारीच्या जॅकसारखी असते. दोन सांधे एका रेषेत यायला लागले की हाताचा थोडासा जोर टोकाशी प्रचंड होतो, आणि पुंगळी दाबायला जोर नेमका शेवटच्या टप्प्यातच लागतो. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइडचं कडं बसवलेला साचा घेतला तर वंगण लावायचा चिकट उद्योगही वाचतो.

आणि ते स्कूटरच्या किमतीचं यंत्र? ते वाईट नाही, पण नवशिक्याला ते 'सुरक्षित आणि सोपं' म्हणून विकलं जातं, याचा मला राग येतो. त्यात चारही कामं एकाच वेळी चार खणांत चालू असतात आणि नजर ठेवायची चार ठिकाणी. त्यातून पिस्तुलांमधलं लोकप्रिय पॉइंट थर्टी-एट स्पेशल हे काडतूस १८९८चं, काळ्या दारूसाठी बेतलेलं. काळी दारू ढीगभर लागायची म्हणून पुंगळी उंच. नंतर आलेली बिनधुराची दारू थोडकीच पुरते, त्यामुळं पुंगळी अर्धीअधिक रिकामीच राहते. चुकून दोनदा दारू पडली तरी ती ओसंडत नाही, वरून गोळी गपचूप बसते. या काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड ठरवलेला आहे, म्हणजे मोटारीच्या टायरच्या पाचशेपट. दारू दुप्पट झाली की दाब नुसता दुप्पट होऊन थांबत नाही. दाबानं जळण्याचा वेग वाढतो, वेगानं दाब वाढतो.

साध्या प्रेसवर मात्र पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या करून सगळ्यांत दारू भरायची असते. दिवाळीत पन्नास पणत्यांत तेल घातलं की एखादीत जास्त पडलेलं लांबूनही कळतं, तसंच हे. वरून टॉर्च मारून एकदा नजर फिरवली की दोनदा भरलेली पुंगळी लगेच दिसते.

आता मुद्द्याचं. पैसे वाचवा, पण काट्यावर वाचवू नका. या छंदात वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि ग्रेन म्हणजे मूळचा जवाचा दाणा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. इंग्रजांनी १८३३ साली तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनचा. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे एक गुंज जवळजवळ १.९ ग्रेन. पिस्तुलाच्या काडतुसात दारू असते जेमतेम दोन-तीन गुंजांची! सराफाच्या हिशेबात गुंजभर म्हणजे घासाघीस. इथं गुंजभर म्हणजे निम्मी दारू. म्हणून काटा लागतो एक दशांश ग्रेन दाखवणारा, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमचा. दोन तिळांएवढा.

साध्या दांडीच्या काट्याला ते सहज जमतं. सुरीच्या धारेवर तोललेली दांडी, खाली गुळगुळीत अकीक. अडचण एकच: घर्षण इतकं कमी असतं की दांडी हेलकावे खात राहते. त्यावर उपाय म्हणून दांडीच्या टोकाला तांब्याची पातळ पट्टी लावतात आणि ती दोन चुंबकांच्या मधून हलेल अशी ठेवतात. तांबं चुंबकाला चिकटत नाही, पण हलायला लागलं की त्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते हालचालीला विरोध करतात. हालचाल थांबली की विरोधही शून्य. म्हणजे दांडी लवकर स्थिरावते, पण वजनात रतीभरही फरक पडत नाही! आठवतो का जिन्याखालचा विजेचा जुना मीटर? त्यातली ॲल्युमिनियमची चकती अशाच चुंबकाच्या तोंडातून फिरायची. फ्रीज बंद झाला की ती गरगरत न राहता चट्कन मंदावायची. १८२४ साली आरागोला फिरत्या तांब्याच्या तबकडीत ही ओढ दिसली, कोडं सोडवलं फॅरेडेनं आणि भोवऱ्यांना नाव चिकटलं फूकोचं. हा ब्रेक झिजत नाही, त्याला सेल लागत नाही.

स्वस्त डिजिटल काट्यात भारानं एक धातूची पट्टी वाकते आणि तिच्यावरच्या तारेचा विद्युतरोध बदलतो. खोली तापली, पंखा लागला की आकडा सरकतो. चिमटीनं एकेक कण टाकत गेलं तर कधी आकडा जागचा हलतच नाही. सराफ काटा काचेच्या पेटीत ठेवतो तो काही शोभेसाठी नाही.

मग त्या संचातल्या चमच्याचं काय? चमचा वजन मोजत नाही, आकारमान मोजतो. धान्य पायलीनं घेणाऱ्या पिढीला ही भानगड पाठ होती. सपाट माप वेगळं, शिगोशीग वेगळं आणि भरताना पायली आपटली की दोन मुठी जास्त मावतात. या आपटण्यामागचं गणित मोठ्या लोकांना छळत आलं आहे. १९६०च्या सुमारास जे. डी. बर्नालनं लंडनमध्ये हजारो पोलादी छर्रे पिशवीत भरून, हलवून, त्यांची रचना मोजली. द्रवातले रेणू कसे बसतात हे त्याला शोधायचं होतं. अलगद ओतलेले गोळे साधारण साठ टक्के जागा व्यापतात, हलवून बसवलेले चौसष्ट. म्हणजे नुसत्या आपटण्यानं त्याच भांड्यात सहा-सात टक्के जास्त माल! दारूचे कण गोळे नसतात, चकत्या आणि कांड्या असतात, त्यामुळं त्यांचे नखरे आणखी वेगळे. म्हणून चमचा वापरायचा तर दर वेळी एकाच पद्धतीनं बुडवून, न आपटता, पोस्टकार्डानं सपाट करावा आणि मधूनमधून काट्यावर ताडून पाहावा. कुठली दारू किती, हे मात्र त्या दारूच्या कंपनीच्या छापील कोष्टकातूनच घ्यायचं. मित्राच्या सांगण्यावरून नाही, आणि माझ्या लेखातून तर नाहीच.

पत्राला ताजा कलम होता: काळवंडलेल्या पुंगळ्या चकचकीत करायला घरचं पितळ-पॉलिश चालेल का?

याचं उत्तर आपल्या पावसाळ्यात आहे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या पलटणी पावसाळ्यात थंडावत आणि काडतुसं कोरड्या जागी म्हणून घोड्यांच्या पागेत ठेवत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्यांना चिरा, विशेषतः गोळी आवळून बसवलेली असे तिथं. ना कोणी ठोकल्या, ना वापरल्या. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूच्याच तड्यांचं नाव पडलं. कोडं सुटलं ते १९२१ साली, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी छडा लावल्यावर. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढून घडवताना त्यात कोंडून राहिलेला ताण या दोघांनी मिळून ते काम केलं होतं. एकट्या ताणानं पितळ तडकलं नसतं, एकट्या अमोनियानं नुसतं डागाळलं असतं.

पुष्कळशा पितळ-पॉलिशांत अमोनिया असतो. तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचावा आणि अमोनिया दिसला तर बाटली परत फडताळात ठेवावी. तिथले जाणते लोक कोमट पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून पुंगळ्या धुतात. म्हणजे लिंबूच. आजीनं चिंच वापरली असती. पुंगळ्या नंतर स्वच्छ पाण्यानं खंगाळून, उन्हात खडखडीत वाळवाव्यात.